बिनवाऱ्याचा समुद्र

गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापूरच्या माणसाला भूक लागते. नदीकडून धूर यायला लागतो, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा गोडसर वास गल्लीबोळांत शिरतो, शाहूपुरीत गुळाच्या ढेपांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि जो तो विचारत सुटतो की यंदा काकवी खायला कुणाच्या मळ्यात जायचं. माझं मात्र तसं नाही. इतकी वर्षं झाली, तो वास आला की मी अजूनही आधी कान देते. शेजारच्या खोलीत कुणी श्वास घेतंय का, आणि घेत असेल तर तो कसा, ते ऐकायला.

परवा असाच हंगामातला पहिला वास आला. आमचे हे पेपर वाचत बसले होते. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचेत, म्हणून सध्या त्यांना दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात. म्हणाले, "समुद्राकाठचं एखादं गाव बघू या का गं? दोन खोल्या, चार नारळ, मोकळी हवा." मी हातातलं सूप तसंच धरून उभी राहिले. हवा म्हणाले, वारं म्हणाले नाहीत, एवढंच माझ्या मनात आलं. ते पुन्हा पेपरात शिरले आणि मी तांदूळ निवडायला बसले, पण खडे काही दिसेनात.

समुद्राकाठचं गाव निवडण्यात एका माणसाचा अख्खा हिवाळा कसा गेला, ते मी पाहिलेलं आहे.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत भूगोल शिकवायचे. राज्य बदललं तरी नद्या आणि डोंगर जागच्या जागीच राहिले, म्हणून माझी नोकरी टिकली, असं ते हसत सांगायचे. येत्या उन्हाळ्यात त्यांची पेन्शन सुरू होणार होती. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत, एका अडत्याच्या वखारीच्या माडीवर आम्ही तिघं भाड्यानं राहत होतो. अडत्याची बायको पद्माक्का खालच्या अंगाला राहायची. जैनाची बाई, मनानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. वखारीत गुळाची आवक सुरू झाली की माशा, मुंग्या, तरटांची धूळ आणि तो वास, सगळं जिन्यानं वर आमच्याकडे मुक्कामाला यायचं.

आणि आईला दमा होता.

होता म्हणून मोकळं व्हावं असा तो नव्हता. दिवाळीनंतर पहिला धूर दिसला की आईची छाती वाजायला लागायची. पहाटे मला जाग यायची ती त्या शिट्टीनं. ती उठून बसलेली असायची, पुढ्यात वळकटी, वळकटीवर दोन्ही कोपर, मान पुढं काढलेली, आणि खांदे वर-खाली. श्वास आत जायचा पण बाहेर येताना अडायचा. आण्णा पाठीमागं बसून तिची पाठ चोळत राहायचे, मी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करायची. ओठ निळसर व्हायला लागले की आण्णा माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघायची नाही.

त्या हंगामात आई तुकड्यांनी बोलायची. "सुमे... पाणी... ठेव." मग थांबायचं. मग "चहाला." एरवी आमची आई म्हणजे बोलण्याचा धबधबा. कागलकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. मास्तराशी लग्न करून शहरात आली तरी तिनं आपली बोली काही सोडली नाही. भाजीवाल्याशी भांडायला लागली की पद्माक्कासुद्धा कामं टाकून ऐकायला यायची. तीच बाई एक वाक्य पुरं करायला तीनदा थांबायची, आणि कधी कधी वाक्य अर्ध्यात टाकून नुसता हात हलवायची. मला ते तिच्या धापेपेक्षाही जास्त लागायचं.

डॉक्टर सुई टोचून गेले, की दोन दिवस बरे. पुन्हा तेच. एक दिवस त्यांनी पिशवी बंद केली आणि आईच्या समोरच आण्णांना सांगितलं, "मास्तर, हा हिवाळा मी काढून देतो. पुढच्या गुऱ्हाळाची खात्री मला देता येणार नाही. आता तुम्ही मोकळे होताय ना नोकरीतून? मग कोकणात चला. या धुरातून, धुळीतून यांना बाहेर काढा. यांना समुद्राचं वारं मिळालं पाहिजे."

आण्णांना पुढं जन्मभर बोलता आलं असतं, तर ते एकच म्हणत राहिले असते, की डॉक्टरांनी 'वारं' हा तेवढा एक शब्द बदलायला हवा होता.

कारण आमच्या घरात वारं म्हणजे फक्त वारं नव्हतं. आईचा बाप ऐन कर्तेपणी खळ्यावर झोपायला गेला होता. पहाटे उठवायला गेले तर तोंड वाकडं, उजवं अंग लाकूड. सगळा गाव म्हणाला, अंगावरनं वारं गेलं. आमच्याकडे लकव्याला असंच म्हणतात. शहाणीसुरती माणसंही म्हणतात, आणि म्हणून झालं की विसरतात. पण आईनं दहा-बारा वर्षांच्या वयात त्या बापाला कण्या भरवल्या होत्या, ओघळ पुसले होते, आणि त्याला काय म्हणायचंय ते त्याच्या एका डोळ्यावरून ओळखलं होतं. लग्न होऊन सासरी येईपर्यंत ती तेच करत होती. तिच्यासाठी तो बोलण्याचा प्रकार नव्हताच. उघड्यावर झोपलेल्या माणसावरून एक वारं जातं आणि माणूस अर्धा घेऊन जातं, हे तिनं पाहिलं होतं.

म्हणून आमच्या घराच्या खिडक्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बंद. नुसत्या बंद नव्हे. आई पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेनं फिरवायची. जिथं धूर वाकेल तिथं फट आहे असं समजून तिथं जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायची. उदबत्तीच्या धुरानं स्वतःच खोकायची, पदर नाकाला लावायची, आणि तशीच पुढच्या खिडकीकडे जायची. सगळीकडे धूर सरळ वर गेला की मग तिला बरं वाटायचं. त्या कोंडलेल्या खोलीत चुलीचा धूर, वखारीची धूळ आणि तिची छाती. आण्णा रोज चिंध्या काढायचे, ती रोज घालायची. भांडण नव्हतं ते. दोघंही एकमेकांना वाचवत होते, एवढंच.

डॉक्टर जिना उतरले आणि आई म्हणाली, "मी... न्हाय... जाणार."

"अगं, वारं म्हणजे तसलं वारं नव्हे. हवा. समुद्राची हवा म्हणायचं होतं त्यांना."

आईनं थोडा वेळ दम घेतला. "हवा... हलली की... वारंच की वो!"

हलणाऱ्या हवेला वारा म्हणतात, ही व्याख्या आण्णांनी स्वतः कितीतरी वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती. फळ्यावर एकीकडे समुद्र, एकीकडे जमीन, मधे बाण. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. हे त्यांनी आईला मोठ्या आशेनं समजावून सांगितलं. निसर्गाचा नियम आहे, यात भिण्यासारखं काय, अशा थाटात. आई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे... दिवसा एक... रात्री दुसरं. सुट्टी... न्हायच व्हय त्याला?"

मी हसले. आण्णाही हसले. मग ते उठून भिंतीवरच्या नकाशासमोर गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. त्यांचं बोट किनाऱ्यावरून खाली सरकत होतं. "एवढा मोठा किनारा आहे," ते स्वतःशीच म्हणाले, "एक गाव नसेल?"

तिथून त्यांची ती वेड्यासारखी पायपीट सुरू झाली. वारं नसलेलं समुद्राकाठचं गाव शोधायचं. भूगोलाच्या मास्तरानं! नापास करावं असा प्रश्न. पण कुठं खाडी आत वळलेली असेल, कुठं डोंगर आडवा आला असेल, कुठं माडांची दाटी असेल, तिथं एखादं घर असं निघेल की हवा स्वच्छ, पण जाणवणारी नाही. आईनं अट घातली ती साधी होती. तिनं देवघरातला उदबत्तीचा पुडा त्यांच्या पिशवीत टाकला. "लावून... बघा. धूर... हलला... तर त्ये गाव... नको."

लोक म्हातारपणासाठी गाव निवडतात ते कशाकशावरून. कुणाला देऊळ जवळ हवं असतं, कुणाला मासळी ताजी हवी असते, कुणाला लेकाच्या गावची मोटार दारावरून जायला हवी असते. माझ्या बापाला फक्त एका काडीचा धूर सरळ जायला हवा होता. मला आजही कुणी थट्टेनं "मोकळी हवा" म्हटलं तरी तो माणूस दिसतो. धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी, पुळणीत रुतलेल्या वहाणा, आणि ओंजळीच्या आडोशाला एक उदबत्ती.

आधी ते रत्नागिरीला गेले. आंबा घाट उतरून, शाळेची सुट्टी जोडून. परत आले. आई वळकटीवर टेकून वाट बघत होती. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. मग हातपाय धुऊन चहा घेताना मला म्हणाले, "सुमे, तो आवाज करतो गं." मला कळेना. "समुद्र. सारखा. थांबतच नाही. आपण मुलांना खोली सांगतो, लांबी-रुंदी सांगतो. हे कुणी सांगितलंच नव्हतं." तोवर त्यांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्यांनाच त्याची लाज वाटली असावी. कारण आतून शिट्टी ऐकू येत होती. ते कप खाली ठेवून उठले.

मग मालवण. फोंडा घाटात एस्टी बंद पडली, थंडीत रस्त्याकडेला बसून राहिले, पोचले तेव्हा अंगात ताप. तिथं खाडीच्या काठी एक घर त्यांना पसंत पडलं होतं. अंगणात उदबत्ती लावून उभे राहिले तर ओटीवरचा म्हातारा मालक बघत होता. काय करताय म्हणून त्यानं विचारलं, आण्णांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "वारो नको तर दर्यार कित्याक इलास?" आणि दात नसलेल्या तोंडानं इतका हसला, की आण्णाही हसले. ही गोष्ट आण्णांनी घरी रंगवून सांगितली, तापात. आईलाही हसू आलं. पण हसण्यानंच तिला उबळ आली आणि ती चांगली दिवेलागणीपर्यंत राहिली. त्यानंतर आण्णांनी घरात गमतीचं बोलणं बंद केलं.

संक्रांत झाली. धूर वाढला. वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती, पद्माक्का तिळगूळ घेऊन वर आली आणि आईला बघून ताटली तशीच धरून उभी राहिली. खाली जाताना मला जिन्यात म्हणाली, "सुमे, आईला माहेरपणाला ने गं कुठंतरी. लई वाळली बघ." कुठं नेणार? कागलच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात गुऱ्हाळं. आमच्या भोवती सगळा मुलूखच उकळत होता. सुई आता एक दिवस पुरायची, मग अर्धा. डॉक्टर येताना पायऱ्यांवर सावकाश यायला लागले. एका पहाटे आईनं आण्णांचा हात धरला आणि म्हणाली, "मला... हितंच... मरू द्या. पर... त्या वाऱ्यावर... न्हेऊ नगा." आण्णांनी हात सोडवून घेतला नाही. डोळे मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे दोघंही मला आता सापडणार नाहीत. आई श्वासात हरवेल आणि आण्णा किनाऱ्यावर.

मग ते वेंगुर्ल्याला गेले. आंबोलीचा घाट उतरून. आले ते संध्याकाळी. पाय धुवायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. आत येऊन आईसमोर बसले.

"मिळालं," म्हणाले.

"वारं?"

"न्हाय." कधी नव्हे ते आण्णा तिच्या बोलीत बोलले. "घराम्होरं डोंगर हाय. मागं माड हायती. उदबत्ती लावली, तर धूर सरळ वर गेला बघ."

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं डोळे मिटून होकाराची मान हलवली. मी देवापुढं साखर ठेवली. वार्षिक परीक्षा झाली की निघायचं ठरलं. आण्णा घरमालकाला शब्द देऊनच आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी मला पोह्यांना खोबरं जास्त घालायला सांगितलं, आता सवय करायला हवी म्हणून.

शिमगा जवळ आला होता. दुपारची वेळ. आण्णांचं जेवण झालं, हात धुवायला उठले, आणि त्यांच्या उजव्या हातातला तांब्या सुटला. पाणी सगळ्या खोलीभर. मी फडकं घेऊन आले तर ते भिंतीला टेकून खाली सरकत होते. माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि शब्दाच्या जागी नुसता आवाज येत होता.

मी हाक मारली तशी पद्माक्का धावत वर आली. दारातच थबकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया! अंगावरनं वारं गेलं की गं!"

डॉक्टर आले. डोक्यातल्या शिरेबद्दल, रक्ताबद्दल त्यांनी पुष्कळ सांगितलं. आई ऐकत नव्हती. तिनं देवघरातून उदबत्ती घेतली, पेटवली, आणि खिडकीपाशी गेली. चौकटीच्या कडेनं उदबत्ती हळूहळू वर नेली, मग खाली. चिंध्या जागच्या जागी होत्या. धूर सरळ वर गेला. ती दुसऱ्या खिडकीकडे गेली. तिथंही सरळ. मग दार, मग स्वयंपाकघरातला झरोका, मग पुन्हा पहिली खिडकी. "कुठनं... आलं?" ती म्हणत होती. "कुठनं... आलं... वारं?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. पद्माक्कानं तोंडात पदर कोंबला. आई सगळ्या घरभर फिरली आणि तिला कुठंच फट सापडली नाही.

त्यापेक्षा मोठं दुःख मी पुढं आयुष्यात पाहिलं असेल. पण इतकं निरुत्तर दुःख नाही पाहिलं.

ती मग आण्णांच्या शेजारी येऊन बसली. त्यांच्या ओठाच्या कडेचा ओघळ पदरानं पुसला. ते करताना तिचा हात जराही अडखळला नाही, ते काम त्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. मग ती उठली आणि तिनं खिडकीतली चिंधी उपटली. मग दुसरी. सगळ्या चिंध्यांचा ढीग खोलीच्या मधोमध पडला आणि तिनं खिडक्यांची दारं धाडकन उघडली. बाहेरचा धूर आत आला. "आता... काय... ऱ्हायलंय," ती म्हणाली, "भ्यायाचं?"

इतक्यात प्रवास नको, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. पद्माक्कानं सांगितलं. आईचं एकच, "ह्यांनी... गाव... बघितलंय." वैशाखात आम्ही निघालो. एस्टीत पुढच्या बाकावर आण्णांना मधे घेऊन आम्ही दोघी बसलो. आंबोलीच्या वळणांवर त्यांचं अंग माझ्यावर यायचं, मग आईवर जायचं. अर्ध्या माणसाला किती वजन असतं, ते मला त्या घाटात कळलं.

आता हे लिहिताना हिशेब पुढचा माहीत आहे. आण्णा तिथं दोन पावसाळे काढून गेले. आई पुढं कितीतरी वर्षं होती. तिनं माझी बाळंतपणं निभावली, ओटीवर बसून कोळणींशी भाव केला, नातवंडांना रागे भरली. तिची छाती पुन्हा तशी कधी वाजली नाही. कुणी म्हणालं की वेंगुर्लं मानवलं हो तुम्हाला, की ती उठून आत जायची. एकदाच मला म्हणाली होती, "माझ्या वाटणीचं वारं त्यांनी अंगावर घेतलं, सुमे." तसं नसतं गं आई, असं मला म्हणायचं होतं. मी मॅट्रिक होते, पण तिच्याहून बरं उत्तर माझ्यापाशीही नव्हतं.

आता आमच्या ह्यांना काय सांगू? कुठलंही गाव बघा म्हणावं. धूर सरळ जातो की वाकडा, ते मी विचारणार नाही.

वेंगुर्ल्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. घरापुढं डोंगर नव्हता. घरापुढं समुद्र होता, उघडाच्या उघडा, आणि माडांच्या झावळ्या सगळ्या एका दिशेला ओढल्यासारख्या झाल्या होत्या. आण्णांना मी ओटीवरच्या खुर्चीत बसवलं होतं. दुपार कलली आणि समुद्रावरून वारं सुटलं. आई आत देवाची मांडामांड करत होती. तिनं उदबत्ती लावली, ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. पदराआड धरून लावली, धूर निघतो न निघतो तोच आडवा झाला आणि काडी काळी पडली. ती विझलेली उदबत्ती हातात घेऊनच आई ओटीवर आली आणि आण्णांच्या समोर उभी राहिली.

"खोटं बोललासा व्हय माझ्याशी? डोंगर हाय म्हणालासा, धूर सरळ जातोय म्हणालासा, आणि हितं तर काडीसुदीक जळंना झालीया, हे असलं गाव हुडकायला सगळा हिवाळा घाटातनं वर-खाली करत हुतासा व्हय?"

एका दमात. मधे कुठं थांबली नाही, वळकटी शोधली नाही, खांदे उचलले नाहीत. बोलून झाल्यावर तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिचा हात आपोआप छातीवर गेला आणि तिथंच राहिला. आण्णांनी मान वर केली. तोंडाच्या चांगल्या बाजूनं त्यांना हसू आलं. मग त्यांना काहीतरी सांगायचं होतं, फार सांगायचं होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा ओठ हलवले. वारं वाहत होतं, आई वाकून ऐकत होती, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.